हवा बिघडली की देशाचं किती जातं, आणि कोकणाचं किती

राजापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "हवेच्या प्रदूषणामुळे भारताचं जीडीपीच्या सव्वा-दीड टक्का नुकसान होतं असं एका ठिकाणी वाचलं, दुसऱ्या ठिकाणी साडेसात टक्क्यांच्या वर. वर्गात मुलांना कुठला आकडा सांगू? आणि आपल्याकडे समुद्राची स्वच्छ हवा असताना कोकणातल्या मुलांनी यात डोकं का घालावं?"

ताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि बातमीत प्रश्न गळून नुसती उत्तरं छापली जातात म्हणून गोंधळ होतो. मी पंचवीस वर्षं पर्यावरणाच्या नुकसानीची किंमत काढण्याचं काम करतो आहे, त्यातली बरीचशी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात फिरण्यात गेली. त्यामुळे आधी आकड्यांचं बोलतो, मग आपल्या गावांचं.

लहान आकडा लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या नियतकालिकात 2020 साली आलेल्या अभ्यासातला. त्यात 2019 या वर्षाचा हिशेब आहे. भारतात त्या वर्षी हवेच्या प्रदूषणाच्या खात्यावर 16.7 लाख मृत्यू धरले, म्हणजे देशातल्या एकूण मृत्यूंच्या 17.8 टक्के. या मृत्यूंमुळे आणि आजारपणामुळे बुडालेलं उत्पादन 36.8 अब्ज डॉलर, साधारण दोन लाख साठ हजार कोटी रुपये. जीडीपीच्या 1.36 टक्के. त्यातले 28.8 अब्ज अकाली मृत्यूंचे आणि 8 अब्ज आजारपणाचे.

"खात्यावर धरले" असं म्हटलं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर कुणी "हवा" असं लिहीत नाही. तिथे हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया, सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार, असंच लिहिलेलं असतं. मुलं हमखास विचारतात की मग हवेचा वाटा कळतो कसा. मी त्यांना दरडीचं उदाहरण देतो. घाटात दरड आली की ती कुठल्या थेंबाने आली हे कुणीच सांगू शकत नाही, पण इतका पाऊस झाला की इतक्या दरडी येतात हे वर्षानुवर्षांच्या नोंदीतून सांगता येतं. तसंच इथे. आधी त्या भागातल्या लोकांच्या श्वासात पीएम 2.5 किती जातं ते काढतात. हे 2.5 मायक्रॉनहून बारीक कण. माणसाचा केस 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि काही रक्तात उतरतात. मग त्या पातळीला कुठला आजार किती पटीने वाढतो हे जगभरच्या अभ्यासांवरून घेतात, आणि हवा चांगली असती तर त्या आजाराचे किती मृत्यू कमी झाले असते ते काढतात. तो फरक म्हणजे हवेचा वाटा. शेवटची पायरी अर्थशास्त्राची: गेलेला माणूस पुढे जितकी वर्षं कमावता राहिला असता त्या कमाईची आजची किंमत.

मोठा आकडा कुठून आला? जागतिक बँकेने 2016 साली एक अहवाल काढला, हिशेब 2013 या वर्षाचा. त्यात भारतासाठी दोन्ही आकडे आहेत. बुडालेली कमाई मोजली तर जीडीपीच्या 0.84 टक्के, आणि लोकांच्या हिताचं नुकसान मोजलं तर सुमारे 7.7 टक्के. अहवाल एकच, वर्ष एकच, मृत्यूही तेच, आणि आकड्यात नऊ पटींचा फरक. वर्गात फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहा, अर्धा तास चर्चा रंगेल.

हिताचं नुकसान मोजताना कमाई बघत नाहीत. आपल्या जिवावरचा धोका कमी व्हावा म्हणून माणसं किती पैसे सोडायला तयार असतात, ते बघतात. समजा 10,000 वस्तीचं गाव आहे आणि हवा सुधारली तर वर्षाला एक मृत्यू टळेल. कुणाचा, ते माहीत नाही. गावातल्या प्रत्येकाने त्यासाठी 500 रुपये द्यायची तयारी दाखवली, तर त्या गावाच्या दृष्टीने एक मृत्यू टाळण्याचं मोल 50 लाख झालं. याला काही जण जिवाची किंमत म्हणतात. तो शब्द मला पटत नाही. अमुक माणसाचा जीव 50 लाखांचा, असं इथे कुणीच म्हणत नाही. थोडा धोका कमी करायला किती द्याल, एवढाच प्रश्न आहे, आणि शिडाच्या होडीला इंजिन बसवणारा, घराला नवे वासे घालणारा प्रत्येक जण तो आपापल्या परीने सोडवत असतो.

म्हणून मुलांना असं सांगा. देशाच्या उत्पादनातून किती गळलं, हे विचारायचं असेल तर लहान आकडा. हवा सुधारायला देशाने किती खर्च करणं रास्त आहे, हे विचारायचं असेल तर मोठा. मोठा आकडा तिजोरीतून गेलेली रोकड नाही, त्यामुळे "इतके लाख कोटी वाचले असते तर इतकी धरणं बांधली असती" ही भाषा त्याला लावू नये. लहान आकड्याची खोट याहून मोठी आहे असं माझं मत आहे. त्या पद्धतीत ज्याला पगार नाही त्याच्या मरणाने देशाचं फारसं काही जात नाही. सत्तर वर्षांची आजी गेली तर वहीत जवळजवळ शून्य. आपल्याकडची वाडी डोळ्यांसमोर आणा. तरुण मुंबईला, घरात म्हातारी माणसं आणि बायका. म्हणजे वाडीत धूर सगळ्यात जास्त ज्यांच्या छातीत जातो, त्यांचाच हिशेबात वाटा सगळ्यात कमी.

आता कोकणाची स्वच्छ हवा. ती आहे, पण दिवसाचा आणि वर्षाचा काही भागच. दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात आणि किनाऱ्याची हवा धुऊन नेतात. रात्री मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, आणि आतल्या भागातलं जे काही असेल ते घेऊन येतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा हवेत कण टिकतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे चिपळूणला वाशिष्ठीच्या खोऱ्यात किंवा महाडला सावित्रीकाठी उभं राहून बघा. खालची हवा थंड, वरची उबदार, आणि त्या झाकणाखाली घराघरांतला धूर कौलांच्या थोडा वर पांढऱ्या पट्ट्यासारखा तरंगत असतो. उन्हं चढेपर्यंत तो हलत नाही. लोट्याला, रोह्याजवळ धाटावला, महाडला रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत, तिथल्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातली 19 शहरं आहेत. उत्तर कोकणातली ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, उल्हासनगर आणि बदलापूर त्यात येतात, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं एकही नाव नाही. यादी शहरांची आहे आणि चौकाचौकांतल्या मोजणीवरून बनते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात मोजणीचं यंत्र कुणी बसवत नाही. आपल्याकडचा धूर तर तिथेच आहे.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका घराचा हिशेब सांगतो. नाव-गाव सांगत नाही. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, दम्याने बेजार. घरात गॅस आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली तेव्हापासून सिलिंडर आहे आणि चहा, भाजी त्यावरच होते. पण मागच्या पडवीत चूल रोज पेटते. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण आणि उकड्या तांदळासाठी भात उकडणं, हे सगळं तिच्यावर. जळण म्हणजे पातेरा, नारळाची सोडणं, चुडतं, ओल्या काटक्या. सिलिंडर त्यासाठी कोण जाळेल? पावसाळ्यात तर जळण ओलं असतं, फुंकणीने फुंकून फुंकून जीव जातो आणि धूर पडवीतच कोंडतो. मी तिथे बसलो होतो तेव्हा दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. त्या बाईंनी चाळीस वर्षं तिथे काढली आहेत.

त्या वर्षीचा खर्च आम्ही वहीत लिहिला. फवाऱ्याचं औषध महिन्याला 450 रुपये, वर्षाचे 5,400. डॉक्टरकडे चार फेऱ्या, रिक्षा आणि तपासणी धरून प्रत्येकी 1,200, झाले 4,800. जानेवारीत एकदा दाखल करावं लागलं, त्याचे 22,000. सून काजूच्या कारखान्यात दिवसाला 250 रुपयांवर जायची, ती सासूच्या आजारपणात साठ दिवस घरी राहिली, 15,000 बुडाले. एकूण 47,200 रुपये. घरातल्यांनी कौलं फेरायला ठेवलेले पैसे त्यात गेले. पुढच्या पावसात माजघरात गळत होतं.

आता अर्थशास्त्राच्या शिक्षिका म्हणून तुम्हीच बघा. 47,200 पैकी औषध, डॉक्टर, रिक्षा आणि दवाखाना मिळून 32,200 रुपये जीडीपीत जमा झाले. कुणीतरी सेवा विकली, कुणीतरी विकत घेतली. सुनेची बुडालेली मजुरी तेवढी वजा. बाई स्वतः घरात जे करत होत्या, पाणी तापवणं, नातवंडं सांभाळणं, ते आधीही जीडीपीत नव्हतं, त्यामुळे ते थांबल्याचाही तिथे पत्ता नाही. न फेरलेली कौलंही कुठे दिसणार नाहीत. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी 2021-22 मध्ये 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. तो आकडा कशाचा बनलेला असतो, ते या वहीत दिसतं.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. लॅन्सेटच्या त्याच अभ्यासानुसार घरातल्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर 1990 ते 2019 मध्ये 64 टक्क्यांनी खाली आला. गॅस घरोघरी पोचला त्याचं हे फळ. त्याच काळात बाहेरच्या हवेतल्या कणांमुळे होणारा मृत्युदर 115 टक्क्यांनी वाढला. चुलीचा धूर कमी होत गेला आणि त्याची जागा कोळसा, डिझेल, धूळ यांनी घेतली.

बाहेरच्या हवेबद्दल डहाणूचं उदाहरण मुलांना जरूर सांगा, कारण इतकं स्पष्ट उदाहरण देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. डहाणू-घोलवडचा चिकू तुम्हाला माहीत आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात 500 मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र 1995 मध्ये सुरू झालं. प्रकल्पाविरुद्धचं प्रकरण न्यायालयात गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बनलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. चिमणीतून जाणारा गंधकाचा वायू धुऊन काढणारं संयंत्र बसवलंच पाहिजे, हा आग्रह प्राधिकरणाने सोडला नाही. ते सुरू व्हायला 2007 उजाडलं.

एवढी वर्षं का लागली? तुमच्या विषयाचा गाभा इथे आहे. संयंत्राचा खर्च एका कंपनीच्या एका ताळेबंदात एका ओळीत दिसतो. फायदा मात्र हजारो छात्यांत आणि बागांत विखुरलेला. वाचलेल्या आजारपणाचं बिल कुणाच्याच हातात येत नाही. गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे फायदा झालेल्यांना तो झाल्याचं कळतही नाही. देशभरातल्या कोळशावरच्या केंद्रांसाठी डिसेंबर 2015 मध्ये गंधकाच्या वायूची मर्यादा ठरली, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्या मर्यादेतून सूटच मिळाली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये आपल्या 1990 च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या सुधारणांचा हिशेब मांडला होता: 2020 सालासाठी वर्षाचा खर्च 65 अब्ज डॉलर, फायदा सुमारे 2,000 अब्ज. त्यांचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण फायद्याची बाजू मांडायची असते हे तरी त्यातून शिकता येतं. आपल्याकडे संयंत्राने वीज युनिटमागे किती पैसे महागेल, एवढ्यावरच चर्चा थांबते.

हापूसबद्दल मी जरा जपून बोलतो. धुराचा आंब्यावर परिणाम होतो, हे जुनं ज्ञान आहे. उत्तर भारतात वीटभट्ट्यांजवळच्या बागांत फळाचं टोक काळं पडतं, ते भट्टीतल्या वायूंमुळे, हे कृषिशास्त्रात कधीचंच मान्य झालं आहे. म्हणून जयगडला 1,200 मेगावॉटचं केंद्र येणार म्हटल्यावर रत्नागिरीच्या बागायतदारांना वाटलेली भीती हवेतली नव्हती. पण मोहोर गळण्याची कारणं अनेक असतात. अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी, तुडतुडे, फुलकिडे. पीक गेलं की सगळा भार धुरावर टाकला तर तो दावा टिकत नाही. एका सुनावणीत मी बागायतदारांच्या बाजूने हिशेब मांडला होता. समोरून एकच प्रश्न आला: प्रकल्पाआधीच्या पाच वर्षांत या बागांतून किती पेट्या निघाल्या, ते दाखवा. आमच्याकडे तोंडी आठवणी होत्या, लिहिलेलं काही नव्हतं. नुकसान झालेलं असूनही ते शाबीत करता आलं नाही, ती सल अजून आहे. तेव्हापासून मी भेटेल त्या बागायतदाराला सांगतो: मोहोर कधी आला, फवारण्या किती झाल्या, पेट्या किती भरल्या, साधी शंभर पानी वही घाला.

राबाबद्दलही, म्हणजे भाताची रोपं करण्याआधी जमीन भाजण्याबद्दलही, विचारलं जातं. भाजावळीत पातेरा, कवळ, शेण जाळतात त्याचा धूर होतो, हे खरं. पण तो वर्षातले काही दिवस, आणि गादीवाफ्यावर राबाशिवाय रोपं करता येतात हे पटलं की शेतकरी हळूहळू स्वतःच सोडतो. देशाच्या हवेचा हिशेब मांडताना त्याला पहिल्या रांगेत उभं करणं अन्याय आहे. मुंबई-गोवा महामार्गाची धूळ त्यापेक्षा कितीतरी जास्त. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, रस्त्याकडेच्या घरांनी आणि हॉटेलांनी दहा वर्षांहून जास्त काळ धूळ खाल्ली. ती जाड धूळ असते, बारीक कणांइतकी जीवघेणी नाही, पण खोकला आणि धंद्याचं नुकसान तिच्यामुळे होतंच.

राहिला चाकरमानी. कोकणाच्या हिशेबात हा माणूस सगळ्यात अवघड. विशीत मुंबईला गेला, तीस-पस्तीस वर्षं चेंबूरला किंवा भांडुपला काढली, पैसे गावाला पाठवत राहिला, साठीला गावी परतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या देशाची 40 आहे. त्याने कामाची सगळी वर्षं शहराच्या हवेत काढली. छातीचा आजार मात्र गावी आल्यावर उभा राहिला, औषधपाणी गावच्या पैशांतून आणि मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत. त्याच्या श्रमाचं उत्पादन मुंबईच्या खात्यावर चढलं आणि आजारपणाचा खर्च रत्नागिरी जिल्ह्याच्या. जिल्हावार आकडे काढणाऱ्या कुठल्याही पद्धतीत हे नीट पकडता येत नाही. "आपल्याकडे हवा स्वच्छ, आपला काय संबंध" या प्रश्नाला माझ्याकडे याहून थेट उत्तर नाही. वर्गातल्या किती मुलांचे वडील किंवा काका मुंबईत आहेत, एवढं विचारा.

आणि जमलं तर मुलांकडून एक पाहणी करून घ्या. प्रत्येकाने आपल्या वाडीतली पाच घरं घ्यावीत. घरात किती वेळा आणि कशासाठी चूल पेटते, खोकला-दमा कुणाला, त्यावर वर्षाला किती गेले, कुणाचं काम किती दिवस बुडालं, ते पैसे कशासाठी ठेवलेले होते आणि आजारी माणसाने आयुष्यातली किती वर्षं कुठल्या शहरात काढली. एकदा ऐन पावसात विचारा आणि एकदा जानेवारीत, कारण दोन्हींचा खर्च वेगळा येतो. विचारायचं ते घरातल्या बायकांना. पुरुषांना विचारलं की ते सांगतात, आमच्याकडे गॅस आहे. मग मागच्या पडवीत जाऊन बघावं लागतं.